अठरा फुटी पाणपोई

टाकी अठरा फुटांवर मीच चढवायला लावली, हे आधीच कबूल करते. नंतर कुणी बोट दाखवायला नको. पण गावात जे सांगतात ना, की उमरावबाईच्या टाकीवरून नर्मदेचं धरण दिसतं, ते साफ खोटं आहे. धरण दिसत नाही. आभाळ स्वच्छ असलं तर थोडंसं दिसतं.

तर अक्कलकुव्याला हायवेच्या कडेला, लिंबाखाली, आमची पाणपोई. आमच्या ह्यांनी, म्हणजे धर्मचंदजींनी सुरू केलेली. ते गेल्यावर मी चालवते. चार माठ, एक लांब दांड्याचं पितळी ओगराळं आणि त्यामागे रेवाबाई. रेवाबाई काठीकडची, डोंगरातली. होळी संपली की खाली उतरायची आणि पाऊस पडेपर्यंत माठांमागे बसायची. एकोणीस उन्हाळे. आमचा उन्हाळा म्हणजे तुम्हाला सांगते, उडणारा कावळा दुसऱ्या कावळ्याच्या सावलीत उडतो. ट्रकवाले, बाजाराला आलेली डोंगरातली माणसं, एसटीतून उतरलेली बाळंतीण, सगळे ओंजळ पुढे करायचे आणि रेवाबाई वरून धार सोडायची. एक थेंब बाहेर नाही. तिची कमाई वर्षभर तिच्या घरी पुरायची, एवढंच मला ठाऊक होतं.

जागा मात्र समाजाच्या ट्रस्टची आणि ट्रस्टचे अध्यक्ष नवनीतशेठ. समोरच त्यांचं कापडाचं दुकान. मला काकीसा म्हणतात, पण असं म्हणतात की मला आपलं वय आठवतं. ते सुरतला एका मॉलमध्ये गेले आणि तिथं हात धरला की पाणी सोडणारा नळ बघून आले. माणसं तीर्थाहून येतात तसे आले. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, महिन्यावर आली होती. त्यांनी मीटिंग घेतली.

"काकीसा, माठाचा जमाना गेला. एक तर आखाजीपर्यंत ऑटोमॅटिक करा, नाही तर आखाजीपासून तिथं मी माझा कूलर ठेवतो, बापूजींच्या नावाचा. आणि बघा, ऑटोमॅटिकला बाई लागत नाही. तेवढीच कटकट कमी."

मी कूलरचं ऐकलं आणि माझे कान तापले. ह्यांच्या नावाची पाटी काढून तिथं ह्याच्या बापूजींची? ते बापूजी मला ठाऊक आहेत. पाहुण्यालासुद्धा अर्धाच पेला द्यायचे. तापलेल्या कानात पुढचं, बाईचं वाक्य शिरलंच नाही.

"करते ऑटोमॅटिक!" मी सगळ्यांसमोर म्हटलं. "आखाजीला उद्घाटन तूच कर."

टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकल्या की मला पुढचं दिसत नाही, हा माझा जुना आजार.

संध्याकाळी रेवाबाई माठ पालथे घालता घालता म्हणाली, "बाई, तो नळ आपला आपला चालू व्हयी?"

"हो तर."

"आन् आपला आपला बंद व्हयी?"

"तीच तर गंमत आहे गं त्यात."

"मंग मी कोठे बससू?"

मी तिला चहा दिला. उत्तर सुचलं नाही की मी चहा देते. त्या महिन्यात रेवाबाईनं फार चहा प्यायला.

वॉल्व पाठवला माझ्या नातीनं, हीनानं. ती सुरतला मशिनांच्या कंपनीत कामाला आहे. पार्सल उघडलं तर आत पितळेचा एक बुटका गडी, डोक्यावर काळी टोपी, टोपीतून दोन वायरी. मी व्हिडिओ कॉल लावला. "दादी, ह्याला पायलट वॉल्व म्हणतात," ती म्हणाली आणि तिनं मला जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते, कारण तिच्या शब्दांत मला पहिल्यांदा झोप लागली होती.

वॉल्वच्या आत रबराचा एक पडदा. त्या पडद्याला सुईएवढं भोक. पाणी खालून येतं, भोकातून हळूच वर जाऊन बसतं आणि वरून पडद्याला दाबून धरतं. म्हणून वॉल्व बंद. आता वरच्या बाजूला आणखी एक इवलं भोक, त्यावर लोखंडाची छोटी खुंटी. नळाखाली हात धरला की टोपीत वीज येते, टोपीचं लोहचुंबक होतं आणि ते खुंटी उचलतं. टिक! वरचं पाणी त्या भोकातून निसटतं, डोक्यावरचा दाब उतरतो आणि खालचं पाणी आपल्याच जोरानं पडदा उचलून धो धो बाहेर. विजेनं फक्त खुंटी उचलायची. खरी मेहनत पाण्याचीच. हात काढला, वीज गेली, की खुंटी खाली, पडदा खाली.

"एवढंच?" मी म्हटलं. "अगं, ह्यावर तर मी पन्नास वर्षं संसार केला. तुझ्या दादाजींचं वजन ऐंशी किलो. मी त्यांना कधी ढकलायला गेले नाही. सासूबाई जवळ असल्या की ते जागचे हलायचे नाहीत. मी काय करायचे, सासूबाईंना युक्तीनं दळणाला पाठवायचे. वरचा दाब उतरला की हे आपोआप उठून माझ्या बाजूला."

हीना हसली, पण एक गोष्ट म्हणाली ती मी नीट ऐकली नाही. "दादी, मागून पाण्याला जोर हवा हं. जोर नसला तर पडदा उचलणार नाही."

जोर काय, आमच्या घराण्यात कशाला कमी आहे?

बसवायला बाज्याला बोलावलं. बाज्या मोटारी दुरुस्त करतो आणि लग्नसराईत बँडमध्ये ढोल वाजवतो, त्यामुळे दोन्ही कामं सारख्याच ताकदीनं करतो. माझ्या आडाचं पाणी त्या वर्षी तळाला गेलेलं, म्हणून नवनीतशेठनं मोठ्या मनानं त्यांच्या परसातल्या विहिरीतून पाइप दिला. मोठ्या मनानं म्हणजे, पाइपवर तीन ठिकाणी नाव लिहून. विहीर त्यांच्या मोठ्या लोखंडी गेटच्या आत. ते गेट उघडं मी फक्त लग्नात आणि मयतीला बघितलंय. विहिरीतून पाणी मोटारनं टाकीत, टाकी चार फुटी स्टँडवर, टाकीतून वॉल्व, वॉल्वमधून नळ.

आता इथं मी आमच्या घरचं एक काम केलं. आम्ही जैन. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, पाजत तर नाहीच. माठ होते तेव्हा रेवाबाई दुहेरी मलमलीचं फडकं लावून माठ भरायची. त्या फडक्याला आमच्यात गळणं म्हणतात. आता पाणी विहिरीतून सरळ टाकीत, मध्ये माणूसच नाही, मग गाळणार कोण? मी बाज्याला म्हटलं, "वर चढतोयस तर टाकीच्या आत जिथून पाणी खाली निघतं, त्या तोंडाला एवढं गळणं घट्ट बांध." त्यानं बांधलं. मी कुणाला सांगितलं नाही. डाळीत मीठ घातलं हे काय दवंडी पिटून सांगतात?

पहिल्या दिवशी नळ सुरू झाला तो बंदच होईना. हात धरा, काढा, नमस्कार करा, पाणी आपलं वाहतंय. वॉल्ववर एक बाण होता, तो बाज्यानं उलटा बसवलेला. म्हणाला, "मले वाटनं, बाण कंपनी कोणत्या दिशाले शे ते दखाडस." दुकानातून नवनीतशेठ ओरडले, "काकीसा, अर्धं तर झालं! चालू झालंय, आता फक्त बंद व्हायचं राहिलंय."

बाण सुलटा केला. मी हात धरला. टिक! आणि नळातून चार थेंब. हात काढला, टिक. धरला, टिक, चार थेंब. माणसं जमली. एक म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, घड्याळ चांगलं आहे, पण वेळ कुठं दिसते?

मग सल्ले. सल्ल्यांना आमच्याकडे टाकी लागत नाही, ते सतत वाहतात. पानवाला म्हणाला, नळाचं तोंड उत्तरेला करा. एसटीचा एक कंडक्टर म्हणाला, अशी वस्तू रिव्हर्स घेतली की सुटते. बाज्या मात्र डोकं खाजवून म्हणाला, "आजी, पानीले जोर नही. टाकी वर चढावनी पडी." आणि मला हीनाचं बोलणं आठवलं. टाकी दहा फुटांवर चढवायची ठरली.

दहा फुटी लोखंडी स्टँडला परवानगी लागते, हे नवनीतशेठनं लगेच सांगितलं. मी एका ऑफिसात गेले. त्याचं नाव घेत नाही, मला तिथून अजून एक दाखला काढायचाय. टेबलावर धीरज नावाचा गृहस्थ, फार सज्जन, इतका सज्जन की नाही म्हणायलासुद्धा त्याला चार दिवस लागतात.

"आजी, वॉल्वला परवानगी लागत नाही. उंचीला लागते. आणि उंचीचे आमच्याकडे तीनच फॉर्म आहेत. मोबाइलचा टॉवर, होर्डिंग आणि मंडप."

"टाकीचा नाही?"

"टाकी घरावर असते. तुमची घराशिवाय आहे."

शेवटी दोघांनी मिळून मंडपाचा फॉर्म भरला. मंडळाचे अध्यक्ष, मी. कार्यकर्त्यांची संख्या, रेवाबाई धरून दोन. मूर्तीची उंची, पाच फूट. मूर्ती कशाची, तर काळ्या प्लास्टिकची. "विसर्जन कधी?" त्यानं पेन रोखून विचारलं. मी म्हटलं, लिही, पाऊस पडल्यावर. खाली शिक्का पडला: रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. आमची टाकी आजवर ह्या अटीचं काटेकोर पालन करते आहे.

टाकी दहा फुटांवर गेली. आणि मला चिंता पडली. पाणी जितकं उंचावरून येणार तितकं जोरात येणार, आणि जोरात आलं की बारीक जीव दुहेरी फडक्यातून निसटणार. पाप कुणाला? मी बाज्याला गळणं चौपदरी करायला लावलं.

टिक. सहा थेंब.

"वाढनं!" बाज्या ओरडला. "दोन थेंब वाढनात! आजून वर!"

मग चौदा फूट. गळणं आठपदरी. पाच थेंब. मग अठरा फूट, आणि मी माझं जुनं मलमलीचं लुगडंच फाडून दिलं, सोळा पदर. टाकी आता बाजारातलं सगळ्यात उंच प्रकरण झाली. खालून जाणारे लोक मोबाइल वर करून रेंज शोधायला लागले आणि दोघांना ती सापडली म्हणतात. एक घार तिथं घरटं बांधायची जागा बघून गेली, पण तिला ते फार उंच वाटलं असावं.

आणि नळाला? तीन थेंब.

वर आणखी अपमान. नवनीतशेठच्या गिऱ्हाइकानं वॉल्व ओळखला. म्हणाला, असाच वॉल्व मॉलच्या मुतारीत असतो, माणूस बाजूला झाला की आपोआप पाणी सोडतो. झालं! दुपारपर्यंत अख्ख्या बाजारात, उमरावबाईनं धर्मचंदजींच्या पाणपोईला मुतारीचा वॉल्व लावला. मी दोन दिवस मागच्या दारानं देरासरात, म्हणजे आमच्या देवळात, गेले. भाजीवालीनंसुद्धा माझ्याकडं बघून भाव कमी केला. माझ्या आयुष्यात कुणी माझी एवढी कीव केली नव्हती.

रेवाबाई मात्र रोज यायची, माठांमागे बसायची, टिक ऐकायची आणि धार सोडायची. लोक नळाला हात लावून बघायचे आणि तहान लागली की तिच्याकडे यायचे.  एकदाच म्हणाली, "आखाजीले कितला दिन शेतस, बाई?" मी म्हटलं, दोन. तिनं मान हलवली आणि ओगराळं चिंचेनं घासून लख्ख केलं. वस्तू परत करायची असली की माणूस तशी घासतो.

मी त्या दिवशी जेवले नाही. नळ चालला तर रेवाबाई गेली, नाही चालला तर जागा गेली आणि तिच्याबरोबर रेवाबाईही गेलीच. म्हणजे मी भरसभेत टाळ्या घेऊन फक्त एवढंच ठरवलं होतं, की तिनं कोणत्या दारानं बाहेर जायचं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सॅम्युअलभाऊ आले. नवापूरचे, साखर कारखान्यात जन्मभर फिटर होते; आता त्यांची मुलगी आशा इथं दवाखान्यात नर्स आहे, तिला भेटायला आलेले. आशानंच धाडलं. त्यांनी वॉल्व हातात घेतला आणि असे हसले जसं जुनं माणूस भेटलं.

"आजी, ह्यांच्यासोबत मी तीस वर्षं काढली. कारखान्यात, ठिबकाच्या शेतात, कपडे धुवायच्या मशिनमध्ये, आगीच्या बंबाच्या पाइपला, सगळीकडे हाच."

"मुतारीत?"

"तिथं पण. जिथं मोठं पाणी थोड्या विजेत अडवायचं तिथं हा. त्यात लाजायचं काय?"

मी ते मोठ्यानं पुन्हा म्हणायला लावलं, दुकानापर्यंत जाईल असं.

त्यांनी वॉल्व खोलला. रबर ठीक, भोक साफ, खुंटी टिक करते. मग वर बघितलं, नळाकडे बघितलं, पुन्हा वर. "अठरा फुटांवरून एवढं पाणी कसं? आजी, वाटेत कुठंतरी दाब खाल्ला जातोय. पाण्याला पडद्याजवळ पोचेपर्यंत जोरच उरत नाही. टाकीच्या तोंडाला काही आहे का?"

मी लिंबाकडे बघायला लागले. लिंब चांगला वाढलाय.

"शे ना," बाज्या म्हणाला, "आजीनं लुगडं शे."

तो वर चढला आणि गळणं सोडून खाली टाकलं. सोळा पदरांचा ओला गोळा धप्पकन नवनीतशेठच्या पायाशी. सगळा बाजार जमलेला.

"काकीसा," नवनीतशेठ सावकाश म्हणाले, "टाकी वर चढवत होतात आणि प्रत्येक वेळी तिचा गळा आवळत होतात?"

"जास्त जोर, जास्त जीव," मी म्हटलं. "हिशेब बरोबर होता."

लोक हसले. मी नाही म्हणत नाही, मलाही हसू आलं असतं, ते माझं लुगडं नसतं तर. एक जण म्हणाला, रेवाबाईला ठेवण्यासाठी म्हातारीनं मुद्दाम केलं. देवाशपथ सांगते, नव्हतं केलं. पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं की हे मला आधी सुचलं कसं नाही.

नवनीतशेठनं नळाच्या तोंडाला डोळा लावला. "आता येतं का बघू," म्हणून खालून हात धरला. टिक!

पडदा उठला. एवढे दिवस दबून बसलेला गडी, काय उठला म्हणता! धार थेट शेठच्या डोळ्यात, तोंडात, सफारीच्या खिशात. ते मागे सरले, हात निघाला, टिक, नळ बंद. एक थेंब जास्तीचा नाही. सॅम्युअलभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं आनंदाचं.

शेठ भिजले, पण खूश. "झालं! उद्या उद्घाटन. एकदम ऑटोमॅटिक." मग माठांकडे बघून म्हणाले, "रेवाबाई, उद्यापासून तुला सुट्टी."

रेवाबाईनं ओगराळं पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.  माझ्या एका हातात ओगराळं, दुसऱ्या हातात तो ओला गोळा. पहिला पदर उलगडला. त्यावर गाळ होता, विहिरीचं शेवाळ होतं, आणि त्यात तांबूस, बारीक, डोळे ताणून बघितलं तर वळवळणारं काहीतरी होतं.

"नवनीत," मी म्हटलं, "हे बघ. हे आता सगळ्यांच्या पोटात जाणार."

त्यानं बघितलं आणि तोंड पुसायचा थांबला. आताच त्याच्या तोंडात गेलेलं पाणी न गाळलेलं होतं.

"उद्या आखाजी. वर्षीतपाची पारणी आहेत, वर्षभराचे उपास सुटणार. अख्खा समाज गोळा होणार. ट्रस्टच्या पाटीखाली अध्यक्ष स्वतःच्या हातानं लोकांना न गाळलेलं पाणी पाजणार का? तू सांगशील तसं. मी काय, म्हातारी बाई."

शेठ सॅम्युअलभाऊंकडे वळले. "गळणं परत बांधा. पातळ बांधा."

"तिथं नको," सॅम्युअलभाऊ म्हणाले. "परत तेच होईल. गाळायचं ते टाकीत चढायच्या आधी. खाली एक पिंप ठेवा, विहिरीचं पाणी फडक्यातून पिंपात, पिंपातून मोटारनं वर. वॉल्वलाही बरं. त्या सुईएवढ्या भोकात गाळ अडकला तर नळ बंदच होणार नाही."

"मग ठेवा पिंप!"

"फडकं कोण धरणार?" मी म्हटलं. "सकाळ, संध्याकाळ. एकोणीस वर्षं ज्या हातानं धरलंय तो हात माहीत आहे का कुणाला?"

शेठ रुमालानं तोंड पुसायला लागले.

"आणि अजून आहे. गाळल्यावर फडक्यावर जे जीव राहतात, ती जीवाणी, ती उलट्या बाजूनं पाणी ओतून परत त्याच पाण्यात सोडायची, जिथून ते जीव आले. दुसरीकडे टाकली तर ते मरतात. हे मी तुला शिकवायचं का? तुझ्या आईनं मला शिकवलंय. आता हे जीव कोणत्या विहिरीतले?"

पाइपवर तीन ठिकाणी नाव लिहिलेलं होतं. सगळ्यांनी वाचलं.

"म्हणजे," शेठ म्हणाले, "ती रोज माझ्या गेटमधून…"

"दोनदा," मी म्हटलं.

मी ओगराळं रेवाबाईला परत दिलं. तिनं घेतलं नाही लगेच. शेठकडे बघितलं. मग म्हणाली, "पहाटे येसू. उन चढनं म्हंजे जीव मरतस." आणि मग घेतलं.

उद्घाटन छान झालं. नळाला लोक अजून घाबरतात. बाजारच्या दिवशी डोंगरातून येणारी माणसं आधी रेवाबाईकडे बघतात, तिनं मान हलवली की मगच हात पुढे करतात. एकदा शेळीनं नाक पुढे केलं तर तिलाही पाणी मिळालं, तेव्हापासून ती रोज येते आणि रांगेत उभी राहते. शेळीवर विश्वास नसेल तर येऊन बघा.

पहिल्या दिवशीची पहाट मात्र मी मुद्दाम उठून माझ्या ओट्यावरून बघितली. रेवाबाईनं गेटची कडी वाजवली. नवनीतशेठ लुंगीवर, केस उभे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले आणि दोन्ही हातांनी ते लोखंडी फाटक ओढून धरलं. त्याला मधेच सोडलं की ते आपटतं. रेवाबाई आत गेली, विहिरीच्या काठावर बसली, फडकं उलटं करून हळूहळू पाणी सोडायला लागली. शेठ उभे. हे एक मिनिट, हे पाच मिनिटं.

"झालं का रेवाबाई?"

ती विहिरीत वाकून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबा, शेठ. जीव आते पानीमा उतरी ऱ्हायनात. हाई घाईनं काम नही शे."